पारबताबाईच्या माश्या

भाव करताना मला हरवणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि तिचा माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ती गेली त्याला दोन पावसाळे होतील. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं माझी बायको म्हणते. मी धरला आहे. तो उतरावा म्हणून हे लिहितोय असंही नाही. पारबताबाई कशी होती ते कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि बाजारात तिला माझ्याइतकं निरखून पाहिलेलं दुसरं कोणी नाही. ज्याच्याशी भाव करायचा त्याच्या तोंडावर काय हललं न् काय नाही, हे पाहावंच लागतं.

मूल आणि चामोर्शीच्या मधल्या पट्ट्यात गावोगाव जुने तलाव आहेत. ढिवरांचे पुरुष पहाटे जाळं टाकतात आणि बाया टोपलं डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. मी त्या धंद्यात जन्मलो नाही. सायकलच्या कॅरिअरला बरफाचा डबा बांधून मी त्यात शिरलो, शिव्या खात शिकलो, आणि आज माझ्या गाड्या नागपूरपर्यंत माल नेतात. मंगळवारचा बाजार भरायच्या आधी मी बायांकडून मोठा मासा उचलायचो. बाकीच्या बाया मला पाहिलं की आपणहून भाव सांगायला लागायच्या. पारबताबाई नाही. ती बाजाराच्या टोकाला बसायची, म्हणजे मी तिच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचावं. शेवटी आलेल्या व्यापाऱ्याला गाडी भरायची घाई असते, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

ठेंगणी बाई, काळीसावळी, पाठ मात्र ताठ. काष्ट्याचं लुगडं, हातांवर गोंदण, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. खर्ऱ्यामुळे तिचं बोलणं हळू निघायचं, आणि भाव तर त्याहून हळू. एकदा सांगितला की परत सांगायची नाही. मी निम्म्यावर मागितलं की ती मासळीवर पाणी शिंपडायची. मी थोडं वाढवलं की पुन्हा पाणी. बोलायची नाही. मला चूप बसणारा माणूस सहन होत नाही, आणि हेही तिला ठाऊक होतं.

किरकोळ गिऱ्हाइकाला ती तराजूने विकत नसे. वाटे लावायची. एका वाट्यातला झिंगा दुसऱ्यात, दुसऱ्यातली बारकी मासोळी तिसऱ्यात, असं करत सगळे वाटे नजरेने सारखे करायची. कुणी म्हटलं, "हा लहान वाटते वो बाई," तर म्हणायची, "मंग दुसरा उचल. माहे सगळे पोरं सारखेच." तिला पोरगी एकच होती, विमल. ती पुढे तिच्याजवळ बसायला लागली.

एकदा मी तिच्या कतल्याला शिळा म्हटलं. तो शिळा नव्हता. असं म्हणावं लागतं, ती धंद्याची रीत आहे. पारबताबाईने मासा उचलला, कल्ला उघडला आणि माझं बोट धरून आत खुपसलं.

"पाह्य. तुह्या डोळ्याइतका लाल आहे."

आजूबाजूच्या बाया हसल्या. माझे डोळे रागाने लाल होतात हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. मी टोपल्याला लाथ मारता मारता राहिलो, गाडीत बसलो आणि माल न घेता निघून गेलो. पुढच्या मंगळवारी आलो, तर तिने भाव चढवला होता.

"काऊन बाई? मागच्या खेपेले तर कमी होता."

"मागच्या खेपेले तू घेतला नाई ना."

मी त्या भावाने घेतला. घेताना मनातल्या मनात तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिच्या हातात कडुलिंबाची डहाळी असायची, माश्या हाकायला. मासे विकणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात काही ना काही असतंच, आणि बोलताबोलता तो हात आपोआप हलत राहतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं. मग एका हिवाळ्यात, तलावावर धुकं होतं, मासळीवर बरफ होता, थंडीने बाया पदर कानावरून घेऊन बसल्या होत्या. एकही माशी नव्हती. आणि पारबताबाईची डहाळी चालू होती. मासळीवर नाही, तोंडासमोर. एकदा उजवीकडून, एकदा वरून, थांबून पुन्हा.

"बाई, माश्या कुठी आहेत?" मी म्हटलं.

"तुह्या गाडीसंगं आल्या."

"मले तर एकबी दिसत नाई."

"तुले काय दिसते बरं? आपल्या फायद्याशिवाय?"

मी हसलो. सगळे हसले. तीही खर्रा थुंकायला वळली आणि हसली असं मला वाटलं. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळायला हव्या होत्या. एक, माश्या तिच्या डोळ्यात होत्या. दुसरी, ही बाई ते माझ्यापासून लपवत होती.

लपवत होती फक्त माझ्यापासून, हे पुढे कळलं. बाजारातल्या चहावाल्या शेवंताला तिने सांगितलं होतं: काळे ठिपके येतात, हाकलले तर जात नाहीत, जिकडे पाहावं तिकडे सरकतात, कधी केस लोंबतो, कधी मुंग्यांची रांग जाते. बसच्या कंडक्टरला सांगितलं होतं. देवळासमोर बसणाऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं होतं. शेवंता तिला म्हणाली, "जाळं आलं तुह्या डोळ्यात." आमच्याकडे मोतीबिंदूलाही जाळंच म्हणतात. आणि जाळं आलं की काय करायचं हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पिकू द्यायचं. कच्चा मोतिया काढत नाहीत, पिकला की काढतात. कोणे एके काळी डॉक्टरच तसं सांगत, ते लोकांच्या डोक्यात अजून पक्कं बसलेलं आहे.

तेव्हा पारबताबाई वाट पाहत बसली. बाजाराशेजारच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा ती गेली, विमलही होती सोबत. काय होतं विचारल्यावर म्हणाली, "जाळं आलं." तपासणाऱ्याने बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू नाही, शुगर तपासा, मोठ्या दवाखान्यात पडदा दाखवा. गर्दी होती. पारबताबाईने त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. नाही, म्हणजे अजून नाही. घरी आली आणि शेजारणींना सांगितलं, "पिकला नाई म्हणते अजून." शुगरच्या गोळ्या तिला आधीपासून होत्या, त्या तिने केव्हाच सोडल्या होत्या. गोळ्या खाल्ल्या की खर्रा गोड लागत नाही म्हणायची.

हे मला कसं कळलं ते सांगतो. एका मंगळवारी तिने रोहू समोर केला, कल्ला उघडला आणि म्हणाली, "लाल आहे." कल्ला पांढरा पडला होता. मासा कालचाही नव्हता, परवाचा असावा. तिने तो मुद्दाम आणला नव्हता, कुणीतरी तिच्या टोपल्यात घातला होता आणि तिला दिसला नव्हता.

"बाई, हा पांढरा आहे."

"हव. तुले तर पांढराच दिसन."

"खरं सांगून राह्यलो."

"तू कवापासून खरं सांगाले लागला गा शेठ?"

बाया पुन्हा हसल्या. भाव करताना मी शंभर वेळा खोटं बोललो असेन, पण त्या दिवशी नाही. आणि त्याच दिवशी तिने मला खोटं पाडलं. मी मासा टोपल्यात आदळला. तिने तो चाचपत उचलला, नाकाजवळ नेला, आणि तिचं तोंड बदललं. भाव करताना तिच्या तोंडावर कधी काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मासा बाजूला ठेवून तिने उरलेल्या मासळीवर पाणी शिंपडलं, आणि त्यातलं निम्मं जमिनीवर पडलं.

गाडीजवळ विमल आली. "भाऊ, आईले दिसत नाई. उजव्यानं तर कायच नाई. तुमाले सांगू नोको म्हणते." मग तिने जाळ्याचं आणि शिबिराचं सगळं सांगितलं.

मी तसाच पारबताबाईकडे परत गेलो. "बसा गाडीत."

"काऊन?"

"चंद्रपूरले डोळे दाखवाले."

"आज बाजार आहे."

"विमल बसते बाजारात. उठा."

ती डहाळी खाली ठेवून उठली. गाडीचं दार चाचपताना म्हणाली, "समोर बसवशीन का मागं बरफावर?"

चंद्रपूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण सावकाश बोलायची. तिने डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ पाहिलं. मग सांगितलं, मोतीबिंदू नाहीच. शुगर वाढून आतल्या बारीक नसा कमजोर झाल्या, त्या फुटल्या. डोळ्याच्या आत जो काचेसारखा रस असतो त्यात रक्त उतरलं. आधी जे ठिपके आणि केस दिसायचे ते त्याचेच. उजव्या डोळ्याचा पडदा ओढून सुटला आहे, त्यात फार काही हाती लागणार नाही. डावा वाचवता येईल. त्यालाही माश्या दिसायला लागल्या आहेत, म्हणून लेझर लवकर करायचं, पुन्हा पुन्हा यायचं, एकही पाळी चुकवायची नाही. डोक्यावर ओझं नाही, खाली वाकणं नाही. झोपताना डोकं उंच ठेवायचं, म्हणजे रक्त खाली बसेल.

पारबताबाई ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "म्हणजे पिकत नाई हे?"

"नाही आजी. हे पिकत नाही. हे वाट पाहिली तर जातं."

"मी तर वाट पाहून राह्यली होती," ती म्हणाली. डॉक्टरणीने लेझरची तारीख कागदावर लिहून दिली.

आता डावा डोळा. पुढची सगळी गोष्ट त्या एका डोळ्याची आहे.

पहिलं लेझर झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत डाव्यातही रक्त उतरलं, पण थोडं. डॉक्टरीण म्हणाली, घाबरू नका, हे बसेल, बसलं की पुढचं लेझर करू. पारबताबाई भिंतीला उशा लावून, बसल्या बसल्या झोपायला लागली. रक्त खाली बसलं की तिला वरचं काही दिसत नसे, खालचं तेवढं दिसे. का, ते डॉक्टरणीने समजावलं होतं, डोळ्यात सगळं उलटं उमटतं म्हणून. तिला ते कळलं नाही, मलाही पूर्ण कळलं नाही. पण खरं होतं. मी अंगणात गेलो की ती जमिनीकडे पाहून म्हणायची, "शेठ, चप्पल नवी घेतली." माणसं तिला पायांवरून ओळखू येऊ लागली. शेवंताच्या टाचा, विमलची जोडवी. बकरीचे पाय दिसायचे आणि बकरी दिसायची नाही, याचं तिला हसू यायचं.

तिने स्वतःपुरतं ते समजून घेतलं होतं. मला म्हणाली, "तलावात बाया उतरल्या का पाणी गढूळ होते ना? मंग कोणी नाई उतरलं का गाळ बसते. तसं आहे हे."

मी म्हटलं, "असन तसं. पण लेझर चुकवू नोका."

आणि गाळ बसला. महाशिवरात्रीच्या सुमारास तिचा डावा डोळा स्वच्छ झाला. विमल सांगत होती, आईने सकाळी उठून छपरावरचा कावळा दाखवला आणि रडली. शेजारीपाजारी सगळे पाहायला आले. पाणी निवळलं. पारबताबाईच्या हिशेबी काम झालं. तलावाचा गाळ बसला की कोणी तलावाला दवाखान्यात नेत नाही.

लेझरच्या दिवशी मी गाडी घेऊन तिच्या दारात गेलो. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "मार्कंड्याच्या जत्रेले गेल्या जी मायलेकी. बाईनं नवस केला होता, डोळा निवळला का पायी येईन."

मला मार्कंड्याच्या महादेवावर राग नाही. देऊळ उन्हात उभं असतं, वैनगंगा बाजूने जाते, लोक आंघोळी करतात, वर्षानुवर्षं करतात. माझा राग त्या दिवसावर आहे. दुसऱ्या दिवशी नसता चालला नवस? मी भर अंगणात ओरडलो. शेजारीण आत गेली. मी रिकामी गाडी घेऊन परत आलो आणि विमलला फोनवर जे बोललो ते ती गरीब पोरगी मुकाट ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "भाऊ, आईले सगळं दिसून राह्यलं होतं. लेझर काऊन कराचं, म्हणे. मी काय सांगू?"

जत्रेत पारबताबाईने पायऱ्या मोजल्या, मूर्ती पाहिल्या, नदीत बुडी मारली. विमलच्या कपाळावरच्या तिळावर बोट ठेवून म्हणाली, तो वाढला आहे. खूप पाहिलं तिने त्या दिवशी. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

पुढचं लेझर ठरायच्या आतच डोळ्यात पुन्हा रक्त फुटलं, आणि या वेळी थोडं नाही. चुलीसमोर बसली असताना तिला वाटलं, धूर झाला. म्हणाली, "विमल, लाकडं ओली आहेत का वो?" लाकडं कोरडी होती. लाल धूर मग काळा झाला आणि उतरला नाही. आम्ही तिला नागपूरला नेलं. मोठं ऑपरेशन झालं, आतलं रक्त काढलं, पण पडदा त्याआधीच ओढला गेला होता. उजेड आहे की अंधार, एवढं कळायचं. त्यापलीकडे नाही.

त्यानंतर मी एकदा तिच्या घरी गेलो. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. ती खुर्चीवर ताठ बसली होती, मान जराही न वाकवता. आता ताठ बसायचं काही कारण उरलं नव्हतं, पण सवय राहिली होती. मी बसलो. विमलने चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाई, शेवंताले सांगतलं. कंडक्टरले सांगतलं. मले काऊन नाई? गाडी तर माह्याजवळ होती."

तिने खर्रा गालात फिरवला.

"तुले सांगतलं असतं तर तू भाव पाडला असता."

"नसता पाडला."

"पाडला असता गा. न दिसणारीच्या मालाले कोण पुरा भाव देते? मीबी पाडला असता."

ती रागाने बोलत नव्हती. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याशी बोलावं तशी बोलत होती.

"मी तुमाले चंद्रपूरले नेलं. नागपूरले नेलं."

"नेलं ना. मी कुठी नाई म्हणून राह्यली? तो तू येगळा. बाजारातला तू येगळा."

मी उठलो. चहा तसाच ठेवला आणि मोहफुलं तुडवत बाहेर गेलो. विमलने हाक मारली, मी वळलो नाही. तो राग अजून तिथेच आहे. तिने माझी दोन माणसं केली, आणि डोळ्याचं कुणाला सांगायचं हे ठरवायच्या वेळी बाजारातला धरला. माझ्या मनात येतं, पहिली माशी दिसली त्या हिवाळ्यात तिने मला सांगितलं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते. मग येतं, मी त्या मंगळवारी खरंच काय केलं असतं. त्याच्यापुढे मी विचार करत नाही.

मी त्या बाजाराला जाणं सोडलं. ड्रायव्हर माल आणायचा. पावसाळ्याच्या तोंडावर तो आजारी पडला, तेव्हा मला जावं लागलं. उशीर झाला होता, टोकापर्यंत पोचलो तोवर मोठा माल संपला होता. विमल बसली होती, वाटे लावून. तिच्या मागे, झाडाच्या खोडाला पाठ लावून, पारबताबाई. तिला घरी एकटं सोडवत नव्हतं म्हणून विमल आणायची. हातात काही नव्हतं. तोंड रस्त्याकडे होतं.

विमल मला पाहून बोलणार होती. मी ओठांवर बोट ठेवलं. ती समजली.

टोपल्यात एक मरळ उरला होता, बराच मोठा. मी बोटाने दाखवला. विमलने भाव सांगितला, जरा जास्तच सांगितला. आईसमोर ती नेहमी जास्त सांगत असावी. मी पैसे दिले आणि मासा घेतला. पारबताबाईने मान तिकडे वळवली.

"कोण होता वो?"

"गिऱ्हाईक," विमल म्हणाली.

"भाव नाई केला?"

"नाई."

पारबताबाईने जरा वेळ ऐकलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मासा धरून, श्वास रोखून.

"मंग नवा असन," ती म्हणाली, आणि तोंड पुन्हा रस्त्याकडे केलं.